कोकणातल्या फीडरची स्वतंत्र नोंद: यंत्र, उघडे आकडे आणि पैसा

सडा_कातळ (धागाकर्ता)

विजेच्या घाऊक बाजारात भाव चढले की कोकणात दोन वाद हमखास पेटतात. गावातली वीज गेली ती लोडशेडिंगमुळे, की माडाची झावळ तारेवर आली म्हणून? आणि बिलात जास्तीचे पैसे लागले ते नक्की कशाचे? दोन्हीची उत्तरं आज ज्याच्याकडे आहेत तोच वीज विकतो. त्याचं उत्तर खोटंच असेल असं नाही, पण ते पडताळायला आपल्या हातात कागदाचा चिटोराही नसतो.

मागचं संकट आठवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांचे कोळशाचे साठे तळाला गेले. मार्च २०२२ मध्ये डे-अहेड (उद्याची वीज आज विकणाऱ्या) बाजारात काही वेळांना युनिटचा भाव २० रुपयांवर गेला, आणि एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला केंद्रीय वीज नियामक आयोगाने १२ रुपयांची मर्यादा घातली. त्याच उन्हाळ्यात राज्यात गळती आणि वसुली यांवरून फीडरचे (उपकेंद्रातून निघून गावांना वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे) गट पाडून भारनियमन जाहीर झालं. कुठल्या वाडीला किती तास अंधार पडला, त्यातला किती टंचाईचा आणि किती झाडाचा, याची ग्राहकाच्या बाजूने केलेली नोंद कोकणात माझ्या तरी पाहण्यात नाही.

तेव्हा प्रस्ताव असा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले १० फीडर घ्यायचे. प्रत्येकावर व्होल्टेज नोंदणारी ३ यंत्रं: एक उपकेंद्राजवळ, एक मध्यावर, एक शेवटच्या रोहित्रावरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) घरात. १ जून ते ३१ मे असं पूर्ण वर्ष मोजायचं. कच्चे आकडे कुणाच्याही परवानगीशिवाय सगळ्यांना उघडे. यंत्र कसं असावं, आकडे कसे ठेवावेत आणि पैसा कुठून यावा, या तिन्हींवर जाणकारांनी बारकाईने लिहावं. तोफखाना दुसऱ्या धाग्यावर.

डीओ_फ्यूज

यंत्रापासून सुरू करतो. पीझेम-००४टी (आवृत्ती ३) हे मोजणीचं मॉड्यूल, ईएसपी३२ बोर्ड (छोटा संगणकच), डीएस३२३१ घड्याळ, मायक्रो एसडी कार्ड, ५ व्होल्ट पुरवणारं एचएलके-पीएम०१, एक १८६५० लिथियम सेल आणि टीपी४०५६ चार्जर. डबी, फ्यूज, वायर धरून एक यंत्र साधारण ३,००० रुपयांत होतं. व्होल्टेजची अचूकता अर्धा टक्का, म्हणजे २३० वर सव्वा व्होल्टच्या आत. आपल्या कामाला पुरेशी आहे, कारण तपासायची मर्यादा २३० च्या ६ टक्के खाली-वर आहे: २१६.२ ते २४३.८.

आता चुका कुठे होतात ते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी: मोजणीचं मॉड्यूल मोजायच्या विजेवरच चालतं. वीज गेली की ते उत्तरच देत नाही. अशा वेळी प्रोग्राममध्ये शून्य लिहिलं तर सरासरी बिघडते, आणि काहीच लिहिलं नाही तर 'वीज नव्हती' आणि 'यंत्र बंद होतं' यात फरक उरत नाही. ईएसपी३२ सेलवर जागं राहिलं पाहिजे आणि दर मिनिटाला एक ओळ लिहिलीच पाहिजे. व्होल्टेज मिळालं नाही तर त्या रकान्यात 'उत्तर नाही' असा खुणेचा शब्द. ओळच गायब असेल तर यंत्र बंद होतं असं समजायचं, आणि तो वेळ विजेच्या हिशोबात धरायचा नाही. मॉड्यूल ८० व्होल्टच्या खाली मोजत नाही, हेही माहितीपत्रकात लिहून ठेवा. दिवा लाल वातीसारखा मिणमिणत असतानाची नोंदही 'उत्तर नाही' म्हणूनच येईल.

दुसरी: टीपी४०५६ मॉड्यूल येतं तेव्हा १ अँपिअरने चार्ज करायला लावलेलं असतं. पीएम०१ देतं ६०० मिलीअँपिअर. दोन्ही जोडले की पीएम०१ तापतं, बसतं, पुन्हा उठतं. चार्जरवरचा १.२ किलोओहमचा रोध काढून ३.९ किलोओहम लावा, प्रवाह ३०० च्या आसपास येतो.

तिसरी: सेल थेट बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडू नका. बोर्डावरच्या रेग्युलेटरला बाहेर पडणाऱ्या ३.३ पेक्षा व्होल्टभर जास्त आत लागतं. सेल ३.७ वर आला की बोर्ड रीसेट होत राहतो आणि नेमकी वीज गेलेल्या वेळेचीच नोंद पोकळ निघते. मध्ये ५ व्होल्टचं बूस्ट मॉड्यूल घालाच.

चौथी, संरक्षण. आत येणाऱ्या फेजवर आधी ५०० मिलीअँपिअरचा फ्यूज, त्यानंतर २७५ व्होल्टचा एमओव्ही. क्रम उलटा करू नका. गावात न्यूट्रल सुटला की एका घरात दिवे मंदावतात आणि शेजारच्या घरात ३०० च्या वर जातं. एमओव्ही विजेच्या कडकडाटातला क्षणाचा धक्का पेलतो. असं तासभर चढलेलं व्होल्टेज त्याला पेलत नाही, तो तापून काळा पडतो. फ्यूज त्याच्या आधी असेल तरच डबी वाचते. मॉड्यूलची वरची मर्यादा २६० आहे, त्यापलीकडचा आकडा छापायचा नाही, 'मर्यादेबाहेर' इतकंच लिहायचं.

जागा मीटरच्या बोर्डाजवळच्या सॉकेटची निवडा. परसातल्या पंपाच्या वायरीवर लावलंत तर घरातल्या वायरिंगची घट महावितरणच्या माथी जाते, आणि पहिल्याच सुनावणीत आपलं सगळं काम मोडीत निघतं. समुद्राकडच्या भिंतीवर बाहेरून डबी लावू नका. खाऱ्या वाऱ्यात पितळी स्क्रू दोन पावसाळ्यांत हिरवे होतात. वायर डबीच्या खालून आत घ्या, आत सिलिका जेलची पुडी ठेवा, बोर्डावर कॉनफॉर्मल कोटिंगचा (ओलावा रोखणाऱ्या थराचा) हात फिरवा.

आणि बसवण्याआधी तीसच्या तीस यंत्रं एकाच सॉकेटच्या पट्टीवर २४ तास चालवा. जे बाकीच्यांपासून व्होल्टभराहून जास्त सरकतं ते बाजूला काढा. ही २४ तासांची फाईलही उघडी ठेवायची, तोच आपल्या अचूकतेचा दाखला.

वाडीवस्ती

बरो इषय काढलास. पण ह्यां यंत्र सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) वाडीत चलतलां काय? थंय मोबाईलची रेंज गावणा नाय. आनि पावसात वारो सुटलो की चार-चार दिस लाईट नसता. तेव्हा बॅटरी किती टिकतली?

डीओ_फ्यूज

वाडीवस्ती दादा, दोन्ही प्रश्न नेमके.

रेंज लागत नाही म्हणूनच एसडी कार्ड. दर मिनिटाची ओळ साधारण ४० अक्षरांची, दिवसाच्या १,४४० ओळी, म्हणजे ५७ केबीच्या आसपास. वर्षाचे जेमतेम २१ एमबी. कार्ड महिन्यातून एकदा बदलून आणायचं. प्रत्येक दिवसाची फाईल वेगळी ठेवा आणि प्रत्येक ओळ लिहून झाली की फाईल बंद करा, नाहीतर मध्येच बोर्ड बसला तर अख्ख्या महिन्याची फाईल वाचता येत नाही. घड्याळाचं म्हणाल तर डीएस३२३१ वर्षाला मिनिटभर सरकतं. कार्ड बदलताना मोबाईलच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहायचा. घड्याळ तिथल्या तिथे पुढे-मागे करू नका, नोंदीत दोनदा तेच मिनिट येतं.

बॅटरी: ईएसपी३२ सतत जागं ठेवलं तर ५० मिलीअँपिअर खातं, २६०० च्या सेलवर दोन दिवस. वीज गेल्यावर त्याला झोपवून मिनिटातून दोन सेकंद जागं केलं, वायफाय बंद ठेवलं आणि बोर्डावरचा लाल दिवा उपटून टाकला, तर सरासरी १५ च्या आसपास येते. आठवडाभर निघतो. निसर्ग वादळात (३ जून २०२०) दापोली-मंडणगड पट्ट्यातले खांब पडले तेव्हा गावं आठवड्यांच्या हिशोबाने अंधारात होती. तशी वेळ आली तर सेल बदलायला माणूस जावा लागेल, त्याला पर्याय नाही. म्हणून शेवटच्या टोकाच्या यंत्रांत दोन सेल समांतर घाला.

शहाण्णव_ब्लॉक

बाजाराच्या बाजूने लिहितो, कारण गावातली नोंद आणि बाजारातला भाव एकमेकांशी जोडता आले नाहीत तर निम्मं काम वाया.

आपल्याकडे दिवस १५-१५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये विभागलेला आहे. पहिला ब्लॉक मध्यरात्री ००:०० ते ००:१५. संध्याकाळी ७ ला ७७ वा सुरू होतो. यंत्राच्या मिनिटांच्या नोंदी याच चौकटीत बसवा. फाईलमध्ये वेळ भारतीय प्रमाणवेळेनेच लिहा, आणि रकान्याच्या नावात तसं नमूद करा. कुणीतरी फाईल जागतिक वेळेच्या सर्व्हरवर चढवतो, साडेपाच तासांचा फरक पडतो, म्हणजे २२ ब्लॉक. संध्याकाळची टंचाई दुपारच्या उन्हात जाऊन बसते आणि सौरविजेच्या वेळी लोडशेडिंग झालं असा निष्कर्ष छापून येतो.

भाव बघताना सरळ सरासरी काढू नका. समजा एखाद्या वितरण कंपनीने ७२ ब्लॉकमध्ये १०० मेगावॅट ३ रुपयांनी आणि संध्याकाळच्या २४ ब्लॉकमध्ये ४०० मेगावॅट १२ रुपयांनी घेतले. ब्लॉकची सरळ सरासरी येते ५ रुपये २५ पैसे. घेतलेल्या युनिटांनुसार काढलं तर ८ रुपये १४ पैसे. दोन्ही आकडे 'दिवसाचा सरासरी भाव' म्हणून फिरतात, आणि ज्याला जो सोयीचा तो तो वापरतो. आपण दोन्ही द्यायचे, आणि कुठला कसा काढला ते शेजारी लिहायचं.

दुसरी फसगत भावमर्यादेची. भाव १२ ला (एप्रिल २०२३ पासून १० ला) टेकला की तो तिथेच थांबतो. टंचाई दुप्पट झाली तरी भावाची रेघ सपाट. म्हणून फक्त भाव उतरवून ठेवणं निरुपयोगी. वीज एक्सचेंज रोज खरेदीच्या बोली, विक्रीच्या बोली आणि प्रत्यक्ष ठरलेले मेगावॅट असे तीन रकाने प्रसिद्ध करतं. मर्यादा लागलेल्या ब्लॉकमध्ये खरेदी-बोली वजा ठरलेली वीज, हा फरकच टंचाईचं माप. उन्हाळ्याच्या संकटात हा आकडा पाहिल्याशिवाय कुणी बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत.

आणि बाजारातला भाव उद्याच्या बिलात येत नाही. वाढीव खरेदीखर्च 'इंधन समायोजन आकार' या ओळीतून येतो, तोही काही महिन्यांनी. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात त्यासाठी निधी बाजूला ठेवलेला होता, त्यामुळे सुरुवातीची वाढ त्यात मुरली आणि निधी आटल्यावर २०२२ च्या मध्यात बिलावर उतरली. बिलातली ही ओळ स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्यापासून वेगळी काढून लिहा. एकूण रकमेवरून 'वीज महागली' म्हणणाऱ्या तक्त्याला आयोगापुढे कुणी विचारत नाही.

रोजचे अहवाल त्याच दिवशी उतरवून ठेवा: ग्रिड इंडियाचा दैनंदिन अहवाल, राज्य भार प्रेषण केंद्राचा अहवाल, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा कोळसासाठ्याचा तक्ता. यातले बरेच आकडे आधी तात्पुरते असतात, मग दुरुस्त होतात, आणि जुनी प्रत जागेवर राहत नाही. प्रत्येक उतरवलेल्या फाईलचा एसएचए-२५६ ठसा (फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारी खूण) वेगळ्या वहीत. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं 'हा आकडा आम्ही दिलाच नव्हता', तर हा ठसा उपयोगी पडतो.

तिसरा_फेज

९६ ब्लॉक यांचं सगळं मान्य. पण गावातल्या प्रत्येक अंधाराला बाजार जोडायची घाई नको. कोकणातला मोठा भाग तारेचा आणि झाडाचा आहे. नोंदीवरून दोन्ही वेगळे ओळखता येतात.

भारनियमन असेल तर फीडरवरची तिन्ही यंत्रं एकाच मिनिटाला जातात, बहुधा घड्याळाच्या ठोक्याला, आणि ठरल्या वेळेला येतात. जाण्याआधीचं व्होल्टेज सपाट असतं. देखभालीचा नियोजित बंदही अगदी असाच दिसतो, त्यामुळे त्याचे संदेश आणि सूचना तारखेनिशी जपून ठेवा, नाहीतर तेही टंचाईच्या खात्यात जातील.

बिघाड असेल तर वेळ वाकडी असते, ६ वाजून ३७ मिनिटं. आधी व्होल्टेज दोन-चार मिनिटं नाचतं. गेल्यावर थोड्या वेळाने मिनिटभर येतं आणि पुन्हा जातं: उपकेंद्रातून ट्रायल घेतलेली असते, वीज टिकते का ते पाहायला. फक्त टोकाचं यंत्र गेलं आणि पहिली दोन चालू असतील तर फीडरच्या फाट्यावरचा किंवा रोहित्रावरचा डीओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला.

सगळ्यात बोलकी नोंद म्हणजे ११५ व्होल्ट. उच्चदाबाची एक तार तुटली किंवा एकच डीओ गेला, तर रोहित्राच्या खालच्या बाजूला एका फेजवर २३० टिकतं आणि उरलेल्या दोन्हींवर जवळपास निम्मं येतं. यंत्रावर २३१, २२९, मग अचानक ११६, ११४, ११५ अशी माळ दिसली की समजायचं, कुणीतरी खांबावर चढायला हवं. यात बाजाराचा काही संबंध नाही. मोटारी आणि फ्रिज मात्र याच तासाभरात जळतात. म्हणून जमलं तर प्रत्येक फीडरच्या एका रोहित्रावर तिन्ही फेजची तीन घरं घ्या.

खाऱ्या थराचं वेगळं. फेब्रुवारी ते मे किनाऱ्यालगतच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ साचते. पहाटेचं दव किंवा जूनची पहिली बारीक सर पडली की थर ओला होतो आणि ठिणगी फिरते. जोराचा पाऊस पडून थर धुतला गेला की हे बिघाड थांबतात. हरणै, मिरकरवाडा, देवगड, मालवण बाजूचे फीडर घेतले तर पहाटे ४ ते ७ मधल्या खंडांची वेगळी मोजणी ठेवा. सड्यावरच्या फीडरशी ताडलं की फरक दिसेल. उपाय इन्सुलेटर धुण्याचा आणि बदलण्याचा आहे, तो मागायला हाच पुरावा लागतो.

एक भर: पीझेम वारंवारता ०.१ हर्ट्झच्या पावलाने दाखवतं. देशाच्या जाळ्याची मान्य चौकट ४९.९० ते ५०.०५ इतकी अरुंद आहे, त्यामुळे हा रकाना निकामी. वारंवारता सगळ्या देशात एकच असते, ती मोजायला कुठेही एकच चांगलं यंत्र पुरे. तिसावर पैसे घालू नका.

जमाखर्च

आता पैशाचं. आधी खरा आकडा मांडू, कारण यंत्रांच्या किमतीवरच सगळे थांबतात.

३० यंत्रं आणि ६ जादा, ३,००० प्रमाणे १,०८,०००. कार्ड गोळा करणं, आकडे तपासणं, फाईल चढवणं यासाठी अर्धवेळ माणूस, महिना १२,००० धरून १,४४,०००. प्रवास ४०,०००. नोंदणी, लेखापरीक्षण १५,०००. एकूण ३,०७,०००. माणसाचा खर्च यंत्रांहून जास्त आहे तो तसाच असायला हवा. असल्या कामात यंत्रं बसतात, फोटो निघतात आणि तिसऱ्या महिन्यात कार्ड आणायला कुणी जात नाही. मानधन कापलंत तर काम मार्गशीर्षापर्यंतही पोचणार नाही.

५०० रुपयांचे ६०० वर्गणीदार मिळाले की ३ लाख. एका देणगीदाराकडून एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, म्हणजे वरची हद्द साधारण ३०,०००. नावं आणि रकमा पहिल्या दिवसापासून उघड. नाव नको असेल त्याने १,००० च्या आत द्यावं.

कायद्याचं: नोंदणी नसलेल्या गटाने सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडची परवानगी घ्यावी लागते. वर्षभराच्या कामाला ती अपुरी, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी बरी. किंवा आधीच नोंदलेलं एखादं वाचनालय किंवा विज्ञानमंडळ यांच्या घटनेत संशोधन बसत असेल तर त्यांच्या वेगळ्या खात्यात. खात्यावर दोन सह्या.

कुवेत, दुबई, मस्कतला असलेल्या आपल्या लोकांचा प्रश्न येणारच. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याची, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, ठरते, आणि परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणं गुन्हा आहे. पावतीपुस्तकात नागरिकत्वाचा रकाना ठेवा. नातं कितीही जवळचं असो, इथे भीड ठेवू नका.

खाडीपलीकडे

एक पर्याय मांडते. छतावर सौर पॅनल बसवणारे विक्रेते अशा कामाला यंत्रं फुकट द्यायला तयार असतात. वीज प्रकल्पांच्या सीएसआरमधूनही (सामाजिक कामाच्या निधीतूनही) मिळू शकतं, कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नफ्याचे २ टक्के त्यांना खर्चायचेच असतात. ६०० माणसांच्या मागे फिरण्यापेक्षा हे सोपं नाही का? आकडे तर यंत्रच देणार, देणगीदार ते कसे बदलणार?

जमाखर्च

ताई, आकडे नाही बदलत, प्रश्न बदलतो. विक्रेत्याने पैसे दिले की टोकाची, सगळ्यात वाईट व्होल्टेजची घरं निवडली जातात, कारण तिथे माल खपतो. प्रकल्पाने दिले की 'टंचाईत आमची वीज किती उपयोगी पडली' हा भाग अहवालात पुढे येतो आणि वहनातली गळती शेवटच्या पानावर जाते. कुणी सांगावंही लागत नाही. पुढच्या वर्षाचा हप्ता डोळ्यापुढे असतो. वीज बनवणारा, वाहणारा, विकणारा, त्याची सामग्री विकणारा आणि कुठलाही पक्ष, यांच्याकडून एक रुपयाही नको, यंत्राच्या रूपातही नको.

बर्फ कारखाने, काजूप्रक्रिया, आंबा कॅनिंगवाले यांचं थोडं वेगळं. त्यांना चांगली वीज हवी आहे, म्हणजे ते ग्राहकच. त्यांची वर्गणी १० टक्क्यांच्या हद्दीत घ्या. पण त्यांच्यातल्या कुणी 'आकडे सहा महिने फक्त आम्हाला' असं म्हटलं तर नाही म्हणायचं. त्यांच्या कारखान्यापुरतं विश्लेषण वेगळं करून हवं असेल तर त्याचे पैसे घ्या. आकडे मात्र त्यांना आणि वाडीतल्या पोराला एकाच दिवशी.

खाडीपलीकडे

पटलं. मग घरांची निवडही आपल्या हातात नको. ज्याची तक्रार आहे तोच यंत्र मागून घेतो आणि नोंद आपोआप काळी होते. फीडरवरच्या रोहित्रांची यादी माहिती अधिकारात मागवा (अर्ज १० रुपयांचा, मुदत ३० दिवस), आणि तिन्ही टप्प्यांतली रोहित्रं चिठ्ठ्या टाकून काढा. त्याच अर्जात उपकेंद्रातल्या ट्रिपिंग रजिस्टरची पाहणी मागा, फीडरचं नाव आणि तारखांसकट. झेरॉक्स मागितल्या तर 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येतं. पाहणी मागितली की वही समोर ठेवावी लागते.

दुसरं, प्रवाहाचा रकाना उघड करू नका. शक्यतो मोजूच नका, प्रवाह मोजणारी कडी डबीत घालायचीच नाही. आपल्याकडे निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडून कुलपात असतात. मिनिटागणिक प्रवाह दिसला की कुठलं घर रिकामं आहे हे जगाला कळतं. फाईलमध्ये घराचा पत्ता नको, रोहित्राचा क्रमांकही नको. फीडर आणि टप्पा, इतकंच.

शहाण्णव_ब्लॉक

उघडं ठेवण्याचं महत्त्व किती, ते युरोपाकडे पाहिलं की कळतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या टीटीएफ बाजारात वायूचा भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या पुढे गेला, विजेचे भाव त्याच्या मागे धावले. पण तिथे नियम ५४३/२०१३ मुळे निर्मिती, मागणी, भाव हे सगळं जानेवारी २०१५ पासून एका मंचावर उघडं आहे. त्यामुळे सरकार एक सांगत असताना विद्यापीठातली माणसं त्याच आठवड्यात स्वतःची आकडेमोड करून दाखवत होती, आणि दुसरं कुणी तीच आकडेमोड तपासत होतं. आपल्याकडे आकडे आहेत, पण दहा ठिकाणी विखुरलेले आणि पीडीएफमध्ये कोंबलेले.

आणि लांब कशाला, गुहागरजवळचं अंजनवेल घ्या. दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार चालूच. पुण्याच्या प्रयास गटाने १९९० च्या दशकातच करारातली कलमं घेऊन हा बोजा किती पडेल याचा हिशोब मांडला होता. या कराराचा फेरआढावा घेणाऱ्या गोडबोले समितीचा अहवाल आला एप्रिल २००१ मध्ये. स्वतंत्र अभ्यास आधी झाला होता, तो ऐकला गेला उशिरा. याच गटाने पुढे घरोघरी यंत्रं लावून मिनिटागणिक व्होल्टेज उघड ठेवण्याचं काम बऱ्याच राज्यांत केलं. आपले रकाने त्यांच्यासारखेच मिनिटवार ठेवा, म्हणजे तुलना करता येईल.

सडा_कातळ

सगळ्यांचं वाचून पक्कं करतो. प्रवाहाची कडी नाही. वारंवारता नाही. रोहित्रं चिठ्ठीने. देणगीची हद्द १० टक्के, वीजधंद्यातला पैसा नाही. फाईल दर महिन्याच्या ५ तारखेला झेनोडोवर (संशोधनाच्या फाईली उघड्या ठेवायची साइट), सीसी-बाय परवान्याखाली (श्रेय देऊन कुणीही वापरावं). तिथे जागेला पैसे पडत नाहीत, प्रत्येक प्रतीला कायमचा क्रमांक मिळतो, आणि चूक सापडली तर जुनी प्रत तशीच ठेवून दुरुस्त प्रत वर चढवता येते. विश्लेषणाची पद्धत, म्हणजे किती मिनिटांच्या खंडाला खंड म्हणायचं आणि भारनियमन कशाला म्हणायचं, हे १ जूनच्या आधी लिहून त्याच ठिकाणी ठेवू. आकडे पाहून व्याख्या बदलता येऊ नये म्हणून.

खंडाची मर्यादा मी ५ मिनिटं धरतोय, आयईईई १३६६ या मानकात तशी आहे. कुणाची हरकत?

तिसरा_फेज

हरकत नाही, पण ५ मिनिटांच्या आतले खंड फेकू नका. त्यांची संख्या वेगळ्या रकान्यात. पहाटेच्या खाऱ्या ठिणग्या सगळ्या त्यातच सापडतील. आणि बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर दोन मिनिटांच्या खंडाने बसला तरी लगेच उठत नाही, दाब उतरेपर्यंत थांबावं लागतं. त्यांना त्या रकान्याचीच जास्त गरज आहे.

वाडीवस्ती

आमच्या बाजूच्या तीन फीडराची कार्डां मी आनतंय. म्हयन्याच्या १ तारकेक निगालंय तर ५ च्या आत पोचतली. फकत पावसात खाडीची तर (होडी) बंद आसता, तेव्हा फाटसून रस्त्यान वळसो घेवचो लागता. प्रवासाच्या ४० हजारांत तां धरलास काय?

जमाखर्च

नव्हतं धरलं. जून ते सप्टेंबरचे चार फेरे वळसा घालून मोजले, प्रवास ४०,००० चा ४६,००० केला. एकूण ३,१३,०००. तुमच्या फीडरांची नावं आणि तर बंद झाल्याची तारीख वहीत लिहून ठेवा, बिलाला तीच जोडू.